पेटी चोवीस रंगांची की वर्गाची?

विद्यार्थी मित्रहो, पालक बंधू-भगिनींनो आणि संस्थेचे आदरणीय विश्वस्त,



दिवाळीची सुट्टी, मग संक्रांत, त्यानंतर स्नेहसंमेलन आणि हस्तकला प्रदर्शन. हे तीन-चार महिने आपल्या शाळेत कागद, कात्री, डिंक आणि रंग यांचे असतात. किल्ल्यांवर लावायचे झेंडे, तिळगुळाच्या पुड्या, शुभेच्छापत्रे, भित्तिपत्रके अशी कामे प्रत्येक वर्गात चाललेली असतात. याच दिवसांत माझ्या टेबलाशी एक प्रश्न दरवर्षी येतो. "सर, पोरगी चोवीस रंगांचीच पेटी पाहिजे म्हणून हटून बसलीय बघा. घ्यायची का?" दुसरे पालक विचारतात, "दोन्हीकडून टोक असलेले मार्कर चांगले की साधे स्केचपेन?" आणि विश्वस्तांपैकी काहींची सूचना अशी की, बाजारात शिक्के, शाई आणि मार्कर यांचे तयार संच मिळतात, ते प्रत्येक विद्यार्थ्याला घ्यायला सांगावेत, म्हणजे प्रदर्शन देखणे होईल.

सूचना सद्भावनेनेच आली आहे. तरीही माझे मत वेगळे आहे, आणि ते का वेगळे आहे हे आपल्यासमोर मांडण्यासाठी हा लेख. मात्र मत मांडण्याआधी वस्तूची माहिती हवी. मार्करमध्ये काय असते हे कळले, की पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही हे आपोआप समजते.

प्रथम शिक्क्याविषयी. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे शिक्क्याला माझ्या तोंडून कधी कधी 'मुहर' हा शब्द निघतो आणि मुले गालात हसतात. आपल्या कन्नड शेजाऱ्यांकडे त्याला 'मुद्रे' म्हणतात आणि आपण 'राजमुद्रा' म्हणतो. शहाजीराजे आणि जिजाऊसाहेब यांच्या मुद्रा फारसीत होत्या. शिवाजी महाराजांनी आपली अष्टकोनी मुद्रा संस्कृतात करवून घेतली. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपला तेथे मोर्तब, अशी त्या काळची पद्धत. शेवटच्या मोर्तबामुळे खाली कोणाला एक अक्षरही वाढवता येत नसे. आपण सहज बोलतो तो 'शिक्कामोर्तब' हा शब्द तेथूनच आला. म्हणजे शिक्का उमटवणे हे आपल्या मुलांसाठी परदेशातून आलेले खूळ मुळीच नाही. रबराचा शिक्का मात्र नवा. गंधक घालून रबर टिकाऊ करण्याच्या पद्धतीचे पेटंट चार्ल्स गुडइयर यांना १८४४ साली अमेरिकेत मिळाले, आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत रबरी शिक्के कचेऱ्यांत आले.

आता शाई. शाईचे रंग दोन जातींचे असतात. एका जातीत रंग पाण्यात साखर विरघळावी तसा पूर्ण विरघळलेला असतो. दुसऱ्या जातीत रंगाचे अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात. पहिल्या जातीचे रंग चमकदार दिसतात, पण उन्हात लवकर उडतात. दुसऱ्या जातीचे रंग टिकतात. शेकडो वर्षांपूर्वीचे मोडी कागद आज आपण वाचू शकतो याचे एक कारण म्हणजे ती शाई काजळीची होती. काजळी म्हणजे कोळशाचे कण. त्यांना ऊन काही करू शकत नाही. उलट आपल्या व्हरांड्यातल्या फलकावर जूनमध्ये लावलेले स्केचपेनचे भित्तिपत्रक दिवाळीपर्यंत फिकट पडते. मुलांनी वाईट काम केलेले नसते. शाईच तशी असते. म्हणून वर्षभर टिकवायचे काम असेल तर बाह्यरेषा काळ्या चित्रशाईने काढावी आणि फलक पश्चिमेच्या उन्हापासून दूर लावावा.

मराठी माणसाचा या व्यवसायाशी जुना संबंध आहे, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. तोच उद्योग पुढे 'कॅमल' आणि 'कॅम्लिन' या नावांनी घराघरांत पोहोचला. आज त्यात जपानच्या कोकुयो कंपनीचा मोठा वाटा आहे. धाग्याच्या टोकाचा आधुनिक पेन जपानमध्येच १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला. आपला स्केचपेन त्याच कुळातला.

आपल्या कामाच्या दृष्टीने मार्कर तीन प्रकारचे समजावेत.

पहिला प्रकार पाण्याच्या शाईचा. साधे स्केचपेन आणि कुंचल्यासारखे मऊ टोक असलेले बहुतेक ब्रश पेन यात येतात. वास जवळजवळ नसतो, हात साबणाने धुतले की निघतात, बरेचसे कपड्यांवरूनही फिके होतात. दुसरा प्रकार स्पिरिटच्या, म्हणजे अल्कोहोलच्या शाईचा. दोन टोकांचे महागडे संच बहुधा या प्रकारचे असतात. रंग एकमेकांत सुंदर मिसळतात, पट्टे दिसत नाहीत, पण शाई कागदाच्या पाठीमागे उतरते. खाली जाड रद्दी ठेवली नाही तर बाकही रंगतो. तिसरा प्रकार परमनंट मार्करचा. तो काच, प्लॅस्टिक, पत्रा यांवर लिहिण्यासाठी आहे. पूर्वीच्या अनेक परमनंट मार्करमध्ये झायलीन, टोल्युइन असे उग्र द्रावक असत. आता बऱ्याच ठिकाणी त्यांच्या जागी अल्कोहोल आले आहे, तरीही बंद खोलीत चाळीस मुलांनी एकाच वेळी ते उघडून बसणे योग्य नाही.

शिक्क्याच्या कामासाठी या तिघांत कोणता घ्यावा? येथेच गंमत आहे. सर्वांत स्वस्त असलेला पहिला प्रकारच सर्वांत उपयोगी पडतो. कारण सोपे आहे. शिक्क्यावर रंग लावून तो कागदावर दाबेपर्यंत अर्धा-एक मिनिट जातो. स्पिरिटची शाई तेवढ्यात उडून जाते आणि कागदावर काहीच उमटत नाही. पाण्याची शाई ओली राहते. शिवाय काही द्रावकांनी रबरही खराब होते.

कृती अशी. शिक्का उताणा धरा. आधी फिकट रंग लावा, मग गडद. म्हणजे पिवळ्या पेनाचे टोक काळे होत नाही. झालेच तर रद्दी कागदावर चार रेघा ओढा, टोक पुन्हा स्वच्छ होते. सगळे रंग लावून झाले की शिक्क्यावर तोंडाने एकदा वाफ सोडा, चष्मा पुसताना सोडतो तशी. सुकलेली शाई पुन्हा जागी होते. मग शिक्का सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला. डावी-उजवीकडे डोलवला की कडा फाटतात. काम झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून ठेवा. एकाच शिक्क्यावर पान हिरवे, फूल लाल, देठ तपकिरी असे तीन रंग एका दाबात उमटतात, तेव्हा चौथीतल्या मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो.

दुसरी पद्धत म्हणजे स्टॅम्प पॅडने रेषा उमटवून आत रंग भरणे. येथे बहुतेकांची फसगत होते. कचेरीतल्या नेहमीच्या जांभळ्या पॅडची शाई पाण्यात विरघळणारी असते. तिच्यावर स्केचपेन फिरला की जांभळा रंग पसरून चित्र घाण होते. उपाय दोन. ठसा पूर्ण सुकू द्यावा आणि रेषेपासून केसभर अंतर सोडून रंग भरावा, किंवा पाण्याने न फुटणारी शाई बाह्यरेषेसाठी वापरावी. नियम एकच: रेषेची शाई आणि भरायच्या रंगाची शाई एकाच द्रवात विरघळणारी नसावी. सातवीच्या विज्ञानातले द्रावण आणि द्रावक येथे हातात येतात.

कागदाचेही तसेच. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन तेवढे ग्रॅम. त्यावर दोनदा मार्कर फिरवला की लव निघते. कार्डशीट २०० जीएसएम किंवा त्याहून जाड असते. शुभेच्छापत्राला तीच योग्य. गुळगुळीत चकाकणारा कागद शाई पीत नाही, त्यामुळे बोट लागले की रंग पुसतो. प्रत्येक घरात लग्नसराईनंतर पत्रिकांचा ढीग साचतो. त्यांची कोरी, खरखरीत बाजू शिक्क्यासाठी उत्तम आहे. कार्डशीट विकत आणण्याआधी तो ढीग जरूर पाहावा.

आणि शिक्के? ते विकत घ्यायची गरज फार कमी. भेंडी चिरताना टाकून द्यायचे देठाकडचे टोक घ्या, पाच पाकळ्यांचे फूल तयार. कांद्याचा अर्धा काप, पिंपळाच्या पानाची शिरांची बाजू, बांगडीची कड, बाटलीचे टोपण, सगळे चालते. बटाटा किंवा कांदा कापला की आधी फडक्याने टिपून घ्यावा, नाहीतर त्याचे पाणी रंगात उतरते. आठवीच्या पुढच्या मुलांना खोडरबर कोरून अक्षरांचे शिक्के करता येतील, पण ब्लेडचे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच.

अक्षरांचा शिक्का कोरताना अक्षर उलटे कोरावे लागते, आरशात दिसते तसे. 'ठ' आणि शून्य सोपे. 'क' आणि 'ग' मात्र भल्याभल्यांना चकवतात. माझी सूचना अशी की आपल्या मुलांनी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत आपल्या नावाचा शिक्का करून पाहावा. शिरोरेघेचे सरळ अक्षर कोरणे सोपे जाते आणि कन्नडची गोल वळणे कोरताना हात अडखळतो. ती वळणे ताडपत्रावर लिहिताना आली असे मानतात, कारण लोखंडी लेखणीने सरळ आडवी रेघ ओढली की ताडपत्र चिरते. बेळगाव-निपाणी भागातल्या मुलाला दोन लिप्या रोज दिसतात. एक घरची म्हणून प्रिय, दुसरी शेजारची म्हणून ओळखीची. दोन्ही अक्षरे स्वतःच्या बोटांनी कोरली, की मुलगा दोन्हींकडे अधिक आदराने पाहील, असा माझा विश्वास आहे.

आपल्या राज्यात शाईचे आणखी एक उदाहरण आहे. मतदानानंतर बोटाला लावतात ती शाई म्हैसूरच्या कारखान्यात होते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती वापरात आहे. तिच्यातले सिल्व्हर नायट्रेट कातडीशी संयोग पावते, म्हणून ती धुऊन जात नाही. नख वाढले की मगच जाते. मुलांना सांगण्याचा मुद्दा एवढाच की प्रत्येक शाई विशिष्ट कामासाठी बनवलेली असते. जे काचेसाठी आहे ते हातावर नक्षी काढायला वापरू नये. कोणताही मार्कर नाकाशी धरून हुंगू नये. टोपण दातात धरू नये. घेताना टोपणाला हवेचे भोक आहे ना ते पाहावे, कारण चुकून घशात अडकले तर श्वासाला वाट राहते. तिळगुळाच्या पुडीवर शिक्का मारायचा तर पुडी रिकामी असताना, बाहेरच्या बाजूने मारावा आणि सुकल्यावर तिळगूळ भरावा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चोवीस रंगांची पेटी किंवा तयार संच प्रत्येकाने घ्यावा काय? माझे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे.

आपल्या शाळेत निपाणीकडच्या विडी कामगार भगिनींची मुले आहेत. हजार विड्या वळल्या की ठरलेली मजुरी, असा त्या घरांचा हिशेब असतो. वडगाव-शहापूर भागातल्या यंत्रमागावरच्या विणकरांची मुले आहेत, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळी करणाऱ्यांची मुले आहेत. तशीच डॉक्टरांची, व्यापाऱ्यांची आणि परदेशी नोकरी करणाऱ्यांचीही आहेत. दोन टोकांच्या मार्करच्या संचाची किंमत साध्या बारा पेनांच्या पाकिटाच्या कित्येक पट असते. शाळेने यादीत तो लिहिला की काही घरांत तो सहज येतो आणि काही घरांत त्यासाठी महिन्याच्या किराण्यातून पैसे काढले जातात. जेथे तेही जमत नाही तेथे मूल हस्तकलेच्या दिवशी पोट दुखते म्हणून घरी राहते. प्रत्येक शिक्षकाला अशी गैरहजेरी ओळखता येते. प्रदर्शन थोडे कमी देखणे झाले तर चालेल, पण शाळेच्या यादीमुळे एक मूल घरी राहिले तर ते आपल्याला शोभणारे नाही.

व्यवहाराचा हिशेबही पाहू. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकी चोवीस पेन म्हणजे ९६० पेन. वर्षअखेर त्यातले कितीतरी टोपण हरवून सुकलेले आणि कितीतरी न वापरता पडलेले असतात. पाच-पाच मुलांचे आठ गट केले आणि प्रत्येक गटाला बारा पेनांची एक पेटी दिली, तर ९६ पेन पुरतात. म्हणजे दहा टक्के. त्या पेट्या वर्गाच्या असतील आणि वर्गाच्याच कपाटात राहतील. आडव्या ठेवायच्या, म्हणजे शाई टोकाला आणि मागे सारखी राहते. टोपण 'टक्' वाजेपर्यंत लावायचे. पाण्याच्या शाईचा पेन सुकला तर टोक पाण्याच्या दोन थेंबांत बुडवले की तो आणखी काही दिवस चालतो. ही जबाबदारी दर आठवड्याला वेगळ्या विद्यार्थ्याकडे. परमनंट मार्कर फक्त शिक्षकांच्या कपाटात.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की आंतरशालेय स्पर्धेत इतर शाळांची मुले भारी साहित्य आणतात, मग आपली मुले मागे पडतील. स्पर्धेला जाणाऱ्या पाच-सहा मुलांसाठी शाळेने दोन चांगले संच घ्यावेत. याला माझी पूर्ण संमती आहे. पण चारशे मुलांनी पाच जणांच्या स्पर्धेसाठी खर्च करू नये. शिवाय साधनाची ओळख नसलेल्या हातात महाग साधन दिले तर काम सुधारत नाही, उलट बिघडते. स्पिरिटचा मार्कर झेरॉक्सच्या कागदावर वापरून पाहा, म्हणजे पटेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अनेक सुज्ञ पालक म्हणतात, "एसएसएलसीचे टक्के महत्त्वाचे, हे कागद चिकटवणे कशाला? इंग्रजी माध्यमाच्या शाळा पुढे चालल्यात." या चिंतेला मी हसत नाही. मराठी शाळांची पटसंख्या हा आपल्या भागात जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. पण १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की हात आणि बुद्धी एकत्र शिकतात. वरच्या साध्या शिक्क्यातच पाहा: आरशातली प्रतिमा म्हणजे भूमिती, शाईचे विरघळणे म्हणजे रसायन, जीएसएम म्हणजे मापन, ९६ विरुद्ध ९६० म्हणजे शेकडेवारी, आणि मुद्रा-मोर्तब म्हणजे इतिहास. आठवड्यातली ही एक तासिका काढून गणिताला दिली तर गणिताचे किती गुण वाढतील मला शंका आहे. ती टिकवली तर मूल स्वतः एखादी वस्तू पूर्ण करून घरी नेते, आणि त्याचा त्याला झालेला आनंद गुणपत्रिकेत मावत नाही.

एक स्पष्ट विनंती पालकांना. प्रदर्शनात ठेवलेले काम मुलाचेच असू द्या. आईने कापलेले, दादाने रंगवलेले आणि दुकानातून आणून चिकटवलेले शुभेच्छापत्र कितीही सुबक असले तरी त्याचे कौतुक मुलाला आतून लागत नाही. ठसा थोडा तिरका पडला तर पडू द्या. दुसरा ठसा तो सरळ मारील.

म्हणून या वर्षासाठी माझे तीन प्रस्ताव. इयत्ता सातवीपर्यंत फक्त पाण्याच्या शाईचे पेन, आणि तेही वर्गाच्या पेटीतले. घरून काही आणायचे नाही. शिक्के मुलांनीच तयार करायचे. हस्तकलेची तासिका परीक्षेच्या आधीही रद्द करायची नाही. विश्वस्तांनी येत्या सभेत पेट्यांच्या खर्चाला मान्यता द्यावी. संचांसाठी प्रत्येक घराने जो खर्च केला असता त्याच्या तुलनेत तो फार थोडा आहे. पालकांनी लग्नपत्रिका, जुनी खोडरबरे आणि जाड पुठ्ठे शाळेत पाठवावेत. विद्यार्थ्यांनी टोपण लावायची सवय आजपासूनच लावून घ्यावी.

ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी ते अवश्य कळवावे, पुढील अंकात त्याला जागा देऊ. पेटीत रंग बारा असोत की चोवीस, ती उघडताना कोणत्याही मुलाला शेजाऱ्याच्या पेटीकडे चोरून पाहावे लागू नये, एवढीच इच्छा.

आपला नम्र,
मुख्याध्यापक